सैन्याविना सेनापती

शहाड स्थानकात उतरून उल्हासनगरच्या दिशेने चालू लागले की रिक्षावाले पहिल्यांदा ‘कॅम्प नंबर एक’चा पुकारा करतात. पुढे दोन, तीन, चार, पाच. महानगरपालिका झाली, इमारती उभ्या राहिल्या, तरी लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ आणि ‘बॅरेक’ हे शब्द कायम आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा संक्रमण तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखाच्या घरातले निर्वासित याच बराकींमध्ये उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचे ‘उल्हासनगर’ झाले. गावाचे नाव बदलले, पण छावणीचे आकडे तेवढे राहिले.

शिपायांच्या घरात निर्वासितांनी संसार मांडला, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. अशा वस्त्यांचा कारभार दिल्लीतल्या ज्या पुनर्वसन खात्याकडे होता, त्या खात्याचे उपमंत्री पहिल्या लोकसभेच्या काळात एक मराठी मेजर जनरल होते, आणि ज्या सैन्याने त्यांना हे पद दिले ते सैन्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचे नाव आज सिंधुदुर्गाबाहेर फारसे कोणी घेत नाही. आम्हांला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्यांच्या शौर्यकथेसाठी नव्हे. सैन्यातून राजकारणात येण्याचा एक निराळा, आज जवळजवळ विसरला गेलेला मार्ग त्यांच्या आयुष्यात दिसतो म्हणून.

भोसले १९०६ साली सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावी जन्मले. १९२२ मध्ये डेहराडूनला सुरू झालेल्या लष्करी विद्यालयाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. तेथून सँडहर्स्ट, मग ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारीपद. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते, म्हणजे हिंदी माणसाला त्या काळी जेवढे चढता येत असे त्याच्या बऱ्याच वरच्या पायरीवर. १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी युद्धकैद्यांना इंग्रजांनी जपानच्या हवाली केले. मोहनसिंगांनी आझाद हिंद सेना उभारली तेव्हा तिच्या ‘हिंदुस्तान फील्ड ग्रूप’चे नेतृत्व भोसल्यांकडे आले.

त्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड क्षण मात्र याच्यानंतरचा आहे. डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंग आणि जपानी यांचे बिनसले. मोहनसिंगांनी सेना विसर्जित केली आणि जपान्यांनी त्यांना कैदेत टाकले. काही अधिकारी त्यांच्याबरोबर बाहेर पडले; भोसले राहिले आणि सेनेची पुन्हा जुळवाजुळव झाली तेव्हा लष्करी विभागाचे प्रमुख झाले. ही निष्ठा होती की सोय, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. पण एक गोष्ट साफ दिसते. १९४३ च्या मध्यास सुभाषबाबू सिंगापुरास पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती देण्यासारखे काही सैन्य शिल्लक होते, ते या मधल्या सहा-सात महिन्यांत कोणीतरी फायली, रेशन आणि हजेरीपटासकट सांभाळले म्हणून. अशा माणसांवर पोवाडे रचले जात नाहीत. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकार जाहीर झाले तेव्हा सैन्याचे प्रतिनिधी म्हणून त्यात भोसले होते. मेजर जनरल हे पद त्यांना मिळाले ते याच सैन्यात.

आता नकाशावर सिंगापूरच्या जरा खाली पाहावे. त्याच ऑक्टोबरात जपान्यांनी जावा बेटावर ‘पेटा’ नावाची स्वदेशरक्षक सेना उभी केली. तिच्यात एका शाळेचे शिक्षक राहिलेले सुदिरमान तुकडीप्रमुख होते आणि पुढे बत्तीस वर्षे देशावर राज्य करणारे सुहार्तोही तेथेच अधिकारी म्हणून घडले. जपानी आश्रय दोन्हीकडे सारखा, पण पुढची वाट निराळी. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पेटातली माणसे नव्या राष्ट्राच्या सैन्याचा कणा झाली. सुदिरमान तर त्याचे पहिले सरसेनापती. आझाद हिंद सेनेतली माणसे मात्र कैदी होऊन मायदेशी आली. लाल किल्ल्यातला खटला ५ नोव्हेंबर १९४५ ला उभा राहिला आणि १० नोव्हेंबरला सुराबायाची लढाई पेटली. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांवर गोळ्या झाडायला जे शिपाई उभे केले होते, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. एकाच आठवड्यात मराठी शिपाई आशियातल्या स्वातंत्र्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता.

इंडोनेशियाच्या सैन्याने डच फौजांशी चार वर्षे लढताना आपले अन्न, कापड, हत्यारे स्वतः मिळवली. मध्यवर्ती खजिना रिकामा, म्हणून विभागप्रमुखच व्यापार करीत, रबर-खोबरे विकून शिपायांचा पगार भागवीत. ही सवय स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही. डिसेंबर १९५७ मध्ये डच कंपन्या ताब्यात घेतल्या गेल्या तेव्हा त्यांवर देखरेखीला लष्करी अधिकारी बसले. पुढच्याच वर्षी जनरल नासुतिओन यांनी सैन्याच्या ‘मधल्या मार्गा’ची मांडणी केली आणि त्यातूनच ‘द्विफुंग्सी’, म्हणजे सैन्याचे दुहेरी कार्य, हा सिद्धांत आला. शब्दातला ‘द्वि’ आपल्याच घरचा आहे. इब्नू सुतोवो हे मूळचे डॉक्टर, मग लष्करी अधिकारी, मग तेलकंपनीचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली पेर्टामिना इतकी फुगली की न्यूयॉर्कमध्ये तिने ‘रामायण’ नावाचे उपाहारगृह काढले आणि त्यासाठी अमेरिकी तेलकंपन्यांकडून पैसा घेतला. १९७५ मध्ये तिचे दहा अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज उघडे पडले आणि पुढच्या वर्षी जनरलसाहेब पायउतार झाले. ही परंपरा तेथे खंडित झालेली नाही. १९९८ मध्ये सैन्यातून काढले गेलेले जनरल प्राबोवो सुबियांतो व्यवसायात शिरले, २००८ मध्ये त्यांनी पक्ष काढला, २०२४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २६ जानेवारी २०२५ च्या दिल्लीतील संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून येऊन बसले.

भोसल्यांची गोष्ट अशी का झाली नाही? लोकशाहीवरच्या आपल्या निष्ठेचे गोडवे गाणे सोपे आहे. आम्हांला कारण अधिक रुक्ष वाटते. भारताला सैन्य तयार मिळाले होते. त्याचा पगार वेळेवर होत होता आणि त्याच्या बराकीबाहेर जिल्हाधिकारी, पोलीस, काँग्रेस कमिटी अशी सगळी घडी बसलेली होती. त्या सैन्याला आझाद हिंदचे अधिकारी परत नको होते आणि नेहरू सरकारनेही १९४८ मध्ये त्यांना परत न घेण्याचाच निर्णय केला. आझाद हिंदच्या सेनानीला एकच दार उघडे राहिले, ते निवडणुकीचे. १९५२ मध्ये शाहनवाज खान मीरतहून लोकसभेवर गेले आणि भोसले रत्नागिरी जिल्ह्यातून. दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर, दोघेही पुढे उपमंत्री. फौज नाही, फौजेची कंपनी नाही, फक्त मते.

जाता जाता एक सांगायला हवे. सेनापती, मुलूखगिरी आणि महसूल हे तिन्ही एकाच हाती असणे महाराष्ट्राला मुळीच परके नव्हते. सरंजाम म्हणजे दुसरे काय? सावंतवाडीचे घराणेही त्याच व्यवस्थेत वाढले. द्विफुंग्सीला नाके मुरडताना आपल्या अठराव्या शतकाचा विसर पडू नये.

तरीही शिपायाचा स्वभाव कोठेतरी डोके वर काढणारच. जुलै १९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरातल्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत भोसल्यांनी मुलांसाठी कवायत, व्यायाम, समूहगीते आणि राष्ट्रप्रेमाचे पाठ सुरू केले. हीच राष्ट्रीय शिस्त योजना. शिकवायला आझाद हिंद सेनेतले जुने सहकारी होते. योजना पुढे शिक्षणखात्याकडे गेली, अनेक राज्यांतल्या शाळांत पसरली, आणि प्रशिक्षकांसाठी अलवरजवळ सरिस्का येथे केंद्र निघाले. घरदार गमावलेल्या मुलाला आधी घर द्यावे की शिस्त, असा तिरका प्रश्न कोणी विचारील आणि तो अगदीच गैरलागू नाही. दुःखी मुलांना रांगेत उभे करण्याच्या ओढीत आम्हांलाही थोडी छावणी दिसते. पण दुसरी बाजू अशी की निर्वासितांच्या वस्तीत दिवस ओळखता येत नाहीत. सकाळी ठरल्या वेळी शिट्टी वाजणे आणि आपल्या नावाची हजेरी लागणे, याची किंमत युद्धकैदी राहिलेल्या माणसाइतकी कोणाला कळणार? आणि सैन्य नाकारल्या गेलेल्या त्या जुन्या जवानांना त्यामुळे रोजगार मिळाला, हेही हिशेबात धरायला हवे. जकार्त्यात जनरलांनी आपल्या माणसांची सोय तेलविहिरींवर आणि जहाजांवर लावली. भोसल्यांना ती शाळेच्या मैदानावर लावता आली.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने कोकणातल्या काँग्रेसला धुऊन काढले. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून नाथ पै निवडून आले. ‘भोसले मराठी होते, पण चळवळीच्या बाजूला नव्हते’ एवढ्या एका वाक्यात त्यांना निकालात काढणारे आम्हांला भेटले आहेत. काँग्रेसचा मंत्री असण्याची किंमत त्या वर्षांत कोकणात अनेकांनी मोजली. तीवरून सगळे आयुष्य मोजू नये.

भोसले १९६३ मध्ये वारले. दोनच वर्षांत शिस्त योजना ‘नॅशनल फिटनेस कोअर’मध्ये मिसळून गेली आणि तिचे वेगळे नावही उरले नाही. आझाद हिंदच्या सामान्य सैनिकाला स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्राचे निवृत्तिवेतन सुरू झाले ते १९७२ मध्ये, सिंगापूरच्या त्या मैदानानंतर तीस वर्षांनी. तोवर शहाडपलीकडच्या बराकींत वाढलेली मुले संसाराला लागली होती, आणि रेल्वेच्या तिकिटावर नसले तरी रिक्षावाल्याला सांगताना पत्ता ‘कॅम्प’ असाच सांगत होती.