बंद उपकरणांची चालू वीज

रिमोटचे बटण दाबले की दूरचित्रवाणी संचाचा पडदा काळा होतो. कोपऱ्यातला लाल दिवा मात्र तेवतच राहतो. संच बंद झालेला नसतो, पुढच्या आज्ञेच्या प्रतीक्षेत असतो. या अवस्थेला ‘स्टँडबाय’ म्हणतात. रिमोटचा संकेत टिपणारा सेन्सर, मायक्रोवेव्हवरील घड्याळ, भिंतीवरचा अ‍ॅडॅप्टर यांना या काळातही वीज लागते.

एक वॉट नगण्य वाटतो. पण वर्षाचे ८,७६० तास अखंड घेतलेला एक वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट. अनेक जुने सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही जवळजवळ पूर्वीइतकीच वीज घेतात. हा भार १० वॉट व न पाहण्याचा काळ रोज १८ तास धरला, तर वर्षाला सुमारे ६५ युनिट वाया जातात. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही जादा युनिटे सर्वांत महाग टप्प्यात मोजली जातात.

हा अपव्यय रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रत्येक उपकरणाला एक वॉटची मर्यादा सुचविली. जुलै २००१ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरकारी खरेदीत तिला प्राधान्य देण्याचा आदेश काढला. युरोपीय संघाने २०१० मध्ये ती बंधनकारक केली आणि २०१३ पासून साध्या स्टँडबायसाठी अर्ध्या वॉटवर आणली.

मोबाइलच्या चार्जरवर विनाकारण ठपका येतो. नवे चार्जर मोकळे असताना अत्यल्प वीज घेतात; हाताला कोमट लागणारे जुने, जड अ‍ॅडॅप्टर अधिक खर्चिक असतात.

घरातला अपव्यय मोजणेही सोपे आहे. फ्रिज व इन्व्हर्टर थोडा वेळ बंद ठेवावा, दिवे-पंखे मालवावेत आणि मीटरवरील लाल दिव्याच्या दोन लुकलुकींमधील सेकंद मोजावेत. मीटरवर युनिटमागे ३,२०० स्पंद असे लिहिले असल्यास ११२५ ला त्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर वॉटमध्ये असते. ४५ सेकंद लागले तर २५ वॉट, म्हणजे वर्षाला २१९ युनिट.

उपायाला खर्च नाही. आपल्याकडे बहुतेक प्लगशेजारी स्वतंत्र बटण असते. झोपण्यापूर्वी ते दाबले की पुरे.