मुंबईकर इंग्रजांच्या बातम्या आणि वडगावचा तह

वडगावच्या तहाचा वृत्तान्त सांगताना मराठी इतिहासकारांची लेखणी तळेगावच्या तळ्यात टाकलेल्या इंग्रजी तोफांपाशी आणि कार्ल्यास पडलेल्या ‘इष्टुर फाकड्या’पाशी रेंगाळते. ते स्वाभाविकही आहे. परंतु १७७९ च्या जानेवारीत घाटमाथ्यावर जे घडले त्याचे मूळ मुंबईच्या कौन्सिलपुढे वाचल्या गेलेल्या कागदांत आहे. आणि त्या कागदांतील मजकुरामागे कोणाचा कोणता हेतू होता, हा प्रश्न तोफांच्या संख्येहून अधिक महत्त्वाचा आहे.

१७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलच्या बंदरी उतरून पुण्यास आला. फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून तो मिरवीत असे. मनुष्य मोठा बोलभांड. हैदराशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या वेळी मद्रासच्या इंग्रजांनाही त्याने अशीच भूल घातली होती. अडीच हजार युरोपियन शिपाई आणण्याचे आणि दहा हजार देशी शिपायांना कवायत शिकविण्याचे आश्वासन त्याने पुण्यात दिले. चौलचे बंदर फ्रेंचांच्या हाती जाणार, हे इंग्रजांचे भय होते. त्याच्या पाठीशी खरे बळ किती, याचा अदमास नाना फडणिसांना नव्हता असे मानणे म्हणजे नानांना न ओळखणे होय. तरीही नानांनी त्याचा सन्मान केला, आणि तो इंग्रज वकील मॉस्टिन याच्या डोळ्यांदेखत केला. मॉस्टिनने जे पाहिले ते तत्परतेने लिहून कळविले. त्यात असत्य असे काही नव्हते. सत्काराचा थाट खराच होता. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

मात्र ही चाल दुधारी ठरली. इंग्रज बिचकून दूर राहण्याऐवजी फ्रेंचांच्या आधी पुणे गाठण्यास उतावीळ झाले. हेस्टिंग्जने मुंबईच्या साहाय्यार्थ धाडलेल्या फौजेने १७७८ च्या मे महिन्यात काल्पीस यमुना ओलांडली. जुलैमध्ये नानांनी सेंट ल्युबिनला निरोप दिला, तरी निघालेली फौज परतली नाही. कारण नाहीसे झाले, कार्य मात्र चालूच राहिले!

याहून घातक होती ती घरभेद्यांची व निर्वासिताची बातमी. मोरोबा फडणिसाच्या पक्षाने रघुनाथरावास पुण्यास आणण्याचे निमंत्रण मुंबईस दिले होते. सखारामबापूंचीही त्यास संमती असल्याचे सांगण्यात येई. पण बापू लेखी बांधून घेण्यास तयार नव्हते. जो मुत्सद्दी कागदावर सही करीत नाही त्याचे मौन म्हणजे होकार, असा अर्थ मुंबईकरांनी लावला. पुढे जुलैमध्ये मोरोबा कैद झाला. म्हणजे निमंत्रण देणाराच नाहीसा झाला. एवढे होऊनही नोव्हेंबरात मुंबईने रघुनाथरावाशी नवा करार केला. आपण घाट चढताच सरदार येऊन मिळतील, असे तो सांगत होता. तो जाणूनबुजून खोटे बोलत होता असे मात्र म्हणवत नाही. देशोधडीला लागलेला मनुष्य आपल्या इच्छेलाच बातमी समजू लागतो. पारखावयाचे होते ते ऐकणाऱ्यांनी. पण ऐकणाऱ्यांनाही साष्टी-वसईचा लोभ होता. १७७५ चा त्यांचा सुरतेचा तह कलकत्त्याने रद्द केल्याचा सल होता. शंका काढणारा आवाज कौन्सिलात अगदीच नव्हता असे नाही. बहुमतापुढे तो टिकला नाही.

सुमारे चार हजारांची ही फौज बैलांच्या लांबलचक तांड्यासह बोरघाट चढली. १ जानेवारी १७७९ रोजी मॉस्टिन वारला. पुणे दरबार ज्याला जवळून ठाऊक होता असा माणूस ऐनवेळी गेला. ९ तारखेस फौज तळेगावी पोचली तेव्हा गाव जळालेले होते. एकही नामांकित सरदार येऊन मिळाला नाही. दोन दिवसांनी रात्री माघार, वडगावास वेढा आणि तह. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला. तह वरिष्ठांनी नाकारला आणि लढाई १७८२ च्या सालबाईपर्यंत लांबली.

कंपनीच्या संचालकांनी या पराभवाबद्दल कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न यांस नोकरीतून दूर केले. ज्याच्या अध्यक्षतेखाली त्या बातम्यांवर विश्वास ठेवण्यात आला तो गव्हर्नर हॉर्नबी १७८४ पर्यंत आपल्या पदावर होता.