कारवान पाळताय? राखणीला उत्तम, पण सशामागे सोडलं तर थेट गुन्हा

लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि निमुळतं तोंड. माळरानावरच्या वस्तीवर असं कुत्रं दिसलं की ते कारवान, हे सांगावं लागत नाही. लातूर, सोलापूर, सांगलीपासून कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यापर्यंत या कुत्र्याचा नाद जुना आहे. कान-शेपटीला लांब रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात.

ओळख काय?
मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. म्हणून कर्नाटकात ती 'मुधोळ हाउंड' नावाने ओळखली जाते. टपाल खात्याने २००५ मध्ये तिच्यावर तिकीट काढलं. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली.

हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर काम करतं. लांबवर काही हललं की सुसाट पळतं. हाच गुण मालकाला अडचणीत आणू शकतो.

कायदा काय सांगतो?
'मारला नाही, नुसता पळवला' हे कायद्यात चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्यप्राण्याला मारणं, पकडणं, शिकारीसाठी हाकणं, कुत्र्याने पाठलाग करवणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. रानातला ससाही संरक्षित आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे तुरुंगवास आणि वर दंड आहे. गुन्ह्यात वापरलेली गाडीही जप्त होऊ शकते. पाठलागाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकणं म्हणजे स्वतःच पुरावा देणं.

रानडुकरांनी पीक खाल्लं तर नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करता येतो. हेल्पलाइन १९२६. डुकराच्या अंगावर कुत्रं सोडू नये. एका सुळ्यात कुत्र्याचं पोट फाटतं.

पिल्लू घेताना
• आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ते विकताच येत नाही.
• आई-बाप बघावेत. आई भित्री किंवा चावरी असेल तर पिल्लूही तसंच निघण्याची शक्यता जास्त.
• डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, पोट जंतांनी फुगलेलं नाही, एवढं तरी तपासावं.
• कान कापू नयेत. त्याने कुत्रं तिखट होत नाही, जखम मात्र चिघळते.

खाणं
फक्त दूध-भाकरीवर पिल्लाची हाडं नीट भरत नाहीत. भाकरीसोबत उकडलेलं अंडं, शिजवलेलं मटण किंवा चिकन द्यावं. मोठ्या कुत्र्याला दूध पचलं नाही तर जुलाब होतात. कांदा, द्राक्षं आणि बेदाणे विषारी आहेत. बागायतदारांनी पडलेले घड कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नयेत. शिजवलेली हाडं टाळावीत, त्यांच्या चिरफळ्या आतड्यात रुततात.

दोन-तीन बरगड्या दिसणं हे कारवानचं नेहमीचं अंग आहे. उपाशी समजून त्याला लठ्ठ करू नये.

पळवणं
पूर्ण वाढ होईपर्यंत पिल्लाला गाडीमागे पळवू नये, सांधे बिघडतात. मोठ्यालाही पहाटे किंवा सांजेलाच मोकळं सोडावं. जेवणानंतर तास-दोन तास विश्रांती द्यावी, कारण खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसतो आणि जीव जातो. त्याची कातडी पातळ असते, त्यामुळे काटेरी तारेजवळ पळवू नये. थंडीत खाली पोतं अंथरावं. दिवसभर साखळीला ठेवलं की कुत्रं चावरं होतं.

लहानपणापासून शेळ्या, कोंबड्या आणि माणसांत वाढवलं, हाकेला येण्याची सवय लावली, तर हेच कुत्रं वस्तीची चोख राखण करतं.

लस आणि औषध
• सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो व डिस्टेंपरची एकत्रित लस. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावेत.
• तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस.
• जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला, मोठेपणी दर तीन महिन्यांनी.
• गाई-म्हशींवर मारायचं गोचीडनाशक डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्याला लावू नये.
• ऑपरेशन असेल तर 'हे कारवान आहे' असं डॉक्टरांना आधी सांगावं. अंगात चरबी कमी असल्याने भुलीच्या काही औषधांतून हे कुत्रं उशिरा सावध होतं.

लस न दिलेलं कुत्रं रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांनाही रोग देतं. घरच्या किंवा बाहेरच्या कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.