यालूच्या मुखाशी एक दुपार

जहाजांच्या लढाया वाचायचा नाद मला इंजिनिअरिंगला असताना लागला. तोफेचा व्यास, चिलखताची जाडी, जहाजाचा वेग असल्या आकड्यांत मी तासन्‌तास रमतो. पण १८९४च्या चीन-जपान युद्धाचे आकडे पहिल्या नजरेत चकवतात. चीनच्या बेयांग आरमारात जर्मनीत बांधलेली दोन अजस्र चिलखती जहाजं होती, ‘डिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’. प्रत्येक सात हजार टनांच्या वर, प्रत्येकावर ३०५ मिलिमीटरच्या चार तोफा. जपानकडे त्यांच्या तोडीचं एकही जहाज नव्हतं. तरीही १७ सप्टेंबर १८९४ला, यालू नदीच्या मुखाजवळ, चीनने पाच जहाजं गमावली आणि जपानचं एकही बुडालं नाही.

भांडण होतं कोरियावरून. तिथला राजा पिढ्यान्‌पिढ्या चीनच्या सम्राटाला नजराणे पाठवत आला होता, आणि जपानला ते खुपत होतं. १८८५मध्ये ली होंगझांग आणि इतो हिरोबुमी यांनी करार केला: दोघांनी कोरियातून फौजा काढायच्या, आणि पुन्हा पाठवायच्या असतील तर एकमेकांना आधी कळवायचं. १८९४मध्ये तोंगहाक पंथाचे शेतकरी उठले आणि त्यांनी जोंजू शहर घेतलं. घाबरलेल्या दरबाराने चीनला हाक मारली. चीनने सैन्य पाठवलं, जपानला रीतसर कळवलंही. जपानने मग कुणी न बोलावता त्याहून मोठी फौज उतरवली. दरबाराने शेतकऱ्यांशी तडजोड केली, तरी दोन्ही पाहुणे हलेनात. २३ जुलैला जपानी सैनिक सोलच्या राजवाड्यातच घुसले.

दोन दिवसांनी पुंगदो बेटाजवळ पहिली चकमक झाली. त्याच दिवशी हजाराहून अधिक चिनी सैनिक घेऊन निघालेलं ‘कौशिंग’ हे ब्रिटिश झेंड्याचं जहाज ‘नानिवा’ने अडवलं. सैनिक शरण यायला तयार नव्हते आणि ब्रिटिश कप्तानाला जहाज सोडू देत नव्हते. काही तास वाटाघाटी झाल्या, मग ‘नानिवा’च्या कप्तानाने, तोगो हेइहाचिरोने, जहाज बुडवलं. जपानी होड्यांनी युरोपियन खलाशी उचलले. बहुतेक सैनिक बुडाले. युद्ध अजून जाहीरही झालं नव्हतं, ते झालं १ ऑगस्टला. ब्रिटनमध्ये आधी संताप उसळला, मग हॉलंड आणि वेस्टलेक या कायदेपंडितांनी तोगोची कृती कायदेशीर ठरवली आणि प्रकरण निवळलं. हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा ‘कायदेशीर’ या शब्दापाशी अडखळतो.

आता यालू. चिनी सेनापती डिंग रुचांगने जहाजं एका आडव्या रांगेत आणली, जड जहाजं मध्ये. जपानच्या इतो सुकेयुकीने आपली जहाजं एकामागोमाग ठेवली, म्हणजे प्रत्येकाला एका बाजूच्या सगळ्या तोफा चालवता येत होत्या. त्यातली वेगवान तुकडी चिनी रांगेच्या उजव्या टोकावर तुटून पडली. तिथे होती जुनी ‘चाओयोंग’ आणि ‘यांगवेई’. दोन्ही थोड्याच वेळात पेटली. जपान्यांकडे झटपट गोळे डागणाऱ्या १२० आणि १५२ मिलिमीटरच्या नव्या तोफा होत्या. सर्व्हरवाल्यांना लगेच कळेल: एक फटका केवढा मोठा, यापेक्षा मिनिटाला किती फटके, हे इथे महत्त्वाचं होतं. गंमत म्हणजे जपानने खास त्या दोन राक्षसांसाठी ३२० मिलिमीटरच्या अवाढव्य तोफा घेतल्या होत्या, आणि अख्ख्या दुपारी त्यांनी मोजकेच गोळे डागले. ते राक्षसही शेकडो फटके खाऊन तरंगतच राहिले. उलट त्यांच्याच एका गोळ्याने जपानी निशाणजहाज ‘मात्सुशिमा’वर भीषण स्फोट घडवला.

चीन का हरला, याची लोकप्रिय गोष्ट अशी की राजमाता त्सिशीने आरमाराचे पैसे उन्हाळी महालावर उधळले. पैसे वळवले गेले हे खरं. पण नुसतं एवढंच सांगणं मला फार सोयीचं वाटतं. १८८८नंतर बेयांग आरमाराने एकही मोठं जहाज घेतलं नाही, कारण दरबारातल्या अनेकांना वाटत होतं की काम झालं, आता आरमार ‘आहे’. शिवाय दक्षिणेकडची आरमारं बहुतांशी बाजूला राहिली. हे युद्ध जणू एकट्या ली होंगझांगचं खासगी होतं. जपानमध्ये १८९३ साली सम्राटाने सहा वर्षं दरसाल तीन लाख येन नौदलासाठी द्यायचं ठरवलं आणि अधिकाऱ्यांच्या पगारातून दहा टक्के कापले. त्या अधिकाऱ्यांच्या घरी काय बोलणी झाली असतील, देव जाणे.

उरलेलं आरमार वेईहाईवेईच्या बंदरात अडकलं. इतोने जुन्या ओळखीला स्मरून डिंगला पत्र लिहिलं: शरण ये. तो आला नाही. फेब्रुवारी १८९५मध्ये जपानी टॉर्पेडो बोटींनी रात्री बंदरात शिरून ‘डिंगयुआन’ निकामी केलं, आणि आठवडाभराने डिंगने अफू घेऊन जीव दिला. त्याचं शव घरी न्यायला इतोने एक जहाज ताब्यात न घेता सोडून दिलं.

१७ एप्रिल १८९५ला शिमोनोसेकीत तह झाला. चीनने २० कोटी तेल चांदी आणि तैवान द्यायचं कबूल केलं. पहिलंच कलम कोरियाच्या संपूर्ण स्वातंत्र्याचं होतं; सह्या करणाऱ्यांत एकही कोरियन नव्हता. तोंगहाक शेतकरी आदल्या शरद ऋतूत पुन्हा उठले होते, या वेळी जपान्यांविरुद्ध, आणि उगुमचीच्या खिंडीत त्यांचा धुव्वा उडाला होता. त्यांचा पुढारी जोन बोंग-जुन याला सोलमध्ये फाशी दिलं, तहाच्याच महिन्यात.