फॉन्द्यू : शब्द, पदार्थ आणि परंपरा

स्वित्झर्लंडमधील चीज-फॉन्द्यू हे आल्प्सच्या गुराख्यांचे पुरातन हिवाळी अन्न होय, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. जुने चीज व शिळा पाव खपविण्यासाठी गरीब गिरिवासीयांनी ही युक्ती योजिली, असे सांगण्यात येते. शब्दाचा इतिहास आणि पदार्थाचा इतिहास पृथक् करून पाहिल्यास ही समजूत कितपत टिकते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘वितळणे’ ह्या अर्थाच्या ‘फाँद्र’ ह्या फ्रेंच क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधिताचे ‘फॉन्द्यू’ हे स्त्रीलिंगी रूप असून त्याचे मूळ ‘ओतणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन ‘फुन्देरे’मध्ये आहे. धातुसाधिताचे असे पदार्थनाम होणे आपणांस अपरिचित नाही. आपली ‘कढी’ ही संस्कृत ‘क्वथिता’चीच वंशज होय. अशी नामे क्रिया सांगतात, द्रव्य सांगत नाहीत. म्हणूनच ती एका पदार्थावरून दुसऱ्यावर सहज सरकतात.

फॉन्द्यूचे असेच झाले. ब्रिया-सावारँ ह्याने १८२५ साली वर्णिलेल्या फॉन्द्यूत मुख्य द्रव्य अंडी हे आहे. त्यांच्या वजनाच्या एकतृतीयांश ग्रुयेर चीज व एकषष्ठांश लोणी. उलटपक्षी, झ्युरिक येथील आना मार्गारेता गेस्नर हिच्या १६९९ च्या पाकपुस्तकात चीज मद्यात शिजविण्याची कृती जर्मन भाषेत आढळते. मात्र तेथे ‘फॉन्द्यू’ हे नाव नाही. नाव एकीकडे, वस्तू दुसरीकडे! अंड्यांविरहित, चीज व मद्य यांची कृती ह्याच नावाने छापलेली मिळते ती १८७५ पासून.

कृतीचे मर्म रसायनात आहे. लसूण चोळलेल्या मातीच्या भांड्यात पांढरे मद्य तापवून त्यात किसलेले चीज घालतात; फ्रीबूरकडे ग्रुयेर व वाशरँ निम्मेनिम्मे, नशातेलकडे ग्रुयेर व एमेंटाल. मद्यातील आम्ल कॅल्शियमला बांधून घेते, त्यामुळे चीजमधील प्रथिने मोकळी होऊन मिश्रण एकजीव होते. मक्याचे पीठ त्यास स्थैर्य देते. आच प्रखर झाल्यास स्निग्धांश वेगळा पडतो. म्हणून सतत ढवळणे आवश्यक. शेवटी चेरीपासून काढलेले ‘किर्श’ मद्य घालतात. भांडे मंद ज्योतीवर मध्यभागी ठेवून प्रत्येकजण लांब काट्याला टोचलेला पावाचा तुकडा त्यात बुडवितो. तळाशी उरणाऱ्या खरपूस थरास ‘रलिज्यूज’, म्हणजे ‘जोगीण’, म्हणतात आणि तो सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उपर्युक्त प्राचीन कृती नागर आहेत आणि ग्रुयेर हा मोलाचा निर्यातमाल होता. तो नित्य वितळवून खाणे गरिबास परवडणारे नव्हते. पश्चिम स्वित्झर्लंडच्या ह्या पदार्थास सर्वदूर नेले ते मुख्यतः १९१४ मध्ये स्थापन झालेल्या स्विस चीज संघाने. चीजचा खप वाढावा म्हणून १९३० नंतरच्या दशकात त्याने फॉन्द्यूचा राष्ट्रीय अन्न म्हणून प्रचार केला. हा संघ १९९९ मध्ये विसर्जित झाला. प्रथा मात्र टिकली.

तेव्हा गुराख्यांची कथा हा इतिहास नसून इतिहासाची प्रतिमा होय. परंतु एका भांड्याभोवती बसण्याची रीत त्यामुळे खोटी ठरत नाही. परंपरेचे वय तिच्या आख्यायिकेवरून ठरवू नये आणि तिचे मोल केवळ वयावरून ठरवू नये, एवढाच निष्कर्ष येथे काढता येतो.