हिरडा कुणाचा?

आजीबाईच्या बटव्यात हमखास सापडणारी वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण हिरड्याचे नाव घेतील. बाळाला गुटी द्यायची म्हटली की सहाणेवर हिरड्याचे वेढे पडायचे. मोठ्यांचे पोट बिघडले की त्रिफळा चूर्ण निघायचे; त्यातले एक फळ हिरडा, दुसरे बेहडा आणि तिसरे आवळा. आपल्या घरात हा हिरडा काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीत बांधून येतो. पण तो दुकानात कुठून येतो आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यावर कुणाकुणाचा हक्क लागतो, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. आज त्या झाडाची हकिकत सांगायची आहे.

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाने आणि दुष्काळी माळ येतात. पण याच जिल्ह्याचा पश्चिमेकडचा अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर चढतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही शिखरे तिथलीच. १९८६ साली या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथल्या जंगलात जांभूळ, बेहडा, कारवी यांच्या सोबतीने हिरडा उभा आहे. रानात तो आहेच, पण महादेव कोळी आणि इतर आदिवासी शेतकऱ्यांच्या बांधावरही आहे.

हिरड्याची दोन पिके घेतली जातात, असे म्हटले तरी चालेल. चैत्र-वैशाखात कोवळी फळे काढून उन्हात वाळवतात. ती सुरकुतून काळी पडतात. हा बाळहिरडा. जी फळे झाडावर राहतात ती हिवाळ्यात पिकून पिवळसर होतात. त्यातल्या मोठ्या, गरदार फळाला दुकानदार सुरवारी हिरडा म्हणतात. घरातले धान्य संपत आलेले आणि पेरणी तोंडावर आलेली, अशा नेमक्या वेळी बाळहिरड्याचे पैसे हाती येतात. बी-भरण, मिठ-मिरची आणि मुलांच्या शाळेचा खर्च त्यावर निघतो.

आयुर्वेदात हिरड्याचे नाव हरीतकी. चरकसंहितेत रसायन चिकित्सेच्या पहिल्याच भागाला हिरडा आणि आवळा यांचे नाव दिले आहे. तिथे हिरड्यासाठी 'अभया' हा शब्द येतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने त्याच्या सात जाती सांगितल्या आणि सहा रसांपैकी खारट वगळता पाचही रस त्यात आहेत, असे म्हटले. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर हिरडा घ्यावा, असा ऋतूंचा हिशेबही आपल्या वैद्यांनी घालून दिला. तिबेटमध्ये तर भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात हिरड्याची फांदी दाखवतात. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हिरड्याच्या कुळातल्या फळांसाठी एक स्वतंत्र संवाद लिहिला. हे फळ काबूलकडून येते, अशी पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांची समजूत होती. त्यामुळे शास्त्रीय नावात 'चेब्युला' हा शब्द शिरला आणि आमच्या सह्याद्रीतल्या झाडाला काबूलचे नाव चिकटले ते कायमचेच.

आता त्याच्या पोटात काय आहे ते पाहू. हिरडा चावला की जीभ ओढल्यासारखी होते. हा तुरटपणा टॅनिन या द्रव्यांचा. वाळलेल्या फळात त्यांचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांपर्यंत असते. त्यातली चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक ही आम्ले हिरड्याच्या नावावरूनच ओळखली जातात. शिवाय गॅलिक आणि एलॅजिक आम्लेही आहेत. टॅनिनचा स्वभाव असा की ते प्रथिनांना घट्ट धरून ठेवते. लाळेतल्या प्रथिनांना धरले की तोंडाला तुरट लागते. कातड्यातल्या प्रथिनांना धरले की कातडे कुजत नाही, त्याचे चामडे होते. लोखंडाच्या क्षाराशी गाठ पडली की काळाभोर रंग तयार होतो. म्हणून हिरडा आणि हिराकस यांची शाई होत असे, आणि छापील सुती कापडाला रंग चढण्यापूर्वी हिरड्याच्या पाण्यात बुडवत असत. औषध, चामडे, शाई आणि कापड या चार धंद्यांचे मूळ एकाच तुरट चवीत आहे.

सौम्य रेचक म्हणून प्रत्येक प्रदेशाने आपापले झाड शोधलेले दिसते. इटलीच्या सिसिली बेटावर अ‍ॅश नावाच्या झाडाची साल चिरून गोड चीक वाळवतात. त्याला 'मान्ना' म्हणतात. मुलांचे पोट साफ करायला तिकडच्या आज्या तो देत. त्यातून १८०६ साली मॅनिटॉल वेगळे काढण्यात आले आणि मेंदूवरची सूज उतरवायला आज इस्पितळात जी बाटली लावतात, तिच्यात तेच मॅनिटॉल असते. हिरड्याच्या वाट्याला असे भाग्य अजून आलेले नाही. जिवाणूंना रोखण्याचा आणि पेशींची झीज थांबवण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. पण माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. गर्भवतीने हिरडा घेऊ नये, असे जुने ग्रंथही बजावतात. तेव्हा घरगुती आहे म्हणून कितीही घ्यावा, असे मात्र नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र हिरड्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते औषधाचे नव्हे, चामड्याचे. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडी कमावण्याची कला जुनीच होती. यंत्रयुगात इंग्लंडला पट्टे, खोगिरे, बूट यांसाठी चामडे हवे होते. मुंबई आणि इतर बंदरांतून हिरडा पोत्यांनी जाऊ लागला. जबलपूर, वेंगुर्ला, भिमली अशा गावांच्या नावांनी त्याच्या प्रती ठरल्या.

व्यापार वाढला तशी सरकारची नजर वळली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या दोन भागांत केलेली आहे. झाडे, पाने, फुले, फळे जंगलात सापडली किंवा जंगलातून आणली तरच ती वनोपज. पण काही वस्तूंची वेगळी यादी आहे. कोळसा, कात, राळ, लाख, मोह यांच्या त्या यादीत हिरडाही नाव घेऊन बसवला आहे. या वस्तू जंगलातल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच. याचा अर्थ काय होतो पाहा. शेतकऱ्याच्या बांधावरचा आंबा त्याचा. शेजारीच उभ्या असलेल्या हिरड्याचे फळ मात्र कायद्याच्या लेखी वनोपज! ते बाजारात न्यायचे तर वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न आलाच.

स्वातंत्र्यानंतर व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून आदिवासींना सोडवावे म्हणून १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्यानंतर एकाधिकार खरेदीची योजना आली. हेतू चांगला होता. पण खरेदीदार एकच असला की त्याचे केंद्र वेळेवर उघडले नाही तर माल घरात पडून राहतो, हेही खरे. तोपर्यंत जगाच्या बाजारात क्रोमियमने कातडी कमावण्याच्या पद्धतीने जम बसवला होता. आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि हिरड्याचे मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. उरला तो मुख्यतः औषधांचा बाजार.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलण्याची सोय केली. परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य झाली आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही हिरडा आहे. तरीही ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि शेजारच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हिरड्याची हानी झाली, तेव्हा भरपाईसाठी आदिवासींना आंदोलन करावे लागले. आंब्याचे नुकसान पीक म्हणून चटकन मोजले जाते. हिरडा पीक की वनोपज, हा घोळ तिथेही आडवा आला.

आणखी एक काळजी आहे. बाळहिरड्याला भाव मिळतो म्हणून सगळीच फळे कोवळी काढली, तर बी धरणार कशात? हिरड्याचे बी कठीण कवचाचे, मुळातच सहज न रुजणारे. झाड वाढून फळाला यायला बरीच वर्षे लागतात. काही झाडे पिकण्यासाठी राखायची, हे गावाने ठरवायला हवे. पण झाड आपले आहे, याची खात्री असलेलाच ते राखतो. ज्याची मालकी कागदावर डळमळीत, तो आज हाती येईल ते काढून घेतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

म्हणून पुढच्या खेपेला त्रिफळ्याची पुडी सोडताना त्यातल्या हिरड्याचा एवढा हिशेब ध्यानात ठेवावा. औषधाचा गुण झाडात असतो, पण झाड टिकते ते त्याच्या बुंध्याशी राहणाऱ्या माणसाचा त्यावर हक्क असेल तर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)