बिनीसाहेबाचे टक्के

सिव्हिलवाल्या मंडळींना 'बिनीचे टक्के' आठवत असतील. हायड्रॉलॉजीच्या पुस्तकातलं छोटंसं कोष्टक: वर्षाचा पाऊस 500 मिमी असेल तर 15 टक्के पाणी वाहून येतं, 700 असेल तर 25, आणि 1000 झाला तर 38. (आपला 'बिनीचा शिलेदार' वेगळा, हा बिनी विलायतेतला!) हे टक्के आले कुठून? तर आपल्या नागपुरातून.

अलेक्झांडर बिनी 1860 च्या दशकाच्या शेवटी बांधकाम खात्याचा इंजिनिअर म्हणून नागपूरला आला. अंबाझरीचा तलाव भोसल्यांच्या काळचा. तो वाढवून शहराला पाणी द्यायची योजना त्याने आखली. पण तलावात पाणी येईल किती? या गृहस्थाने अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ मोजायला घेतलं. 1869 आणि 1872 या वर्षी नागपूरजवळच्या सुमारे 16 चौरस किमी पाणलोटात पाऊस किती पडतो नि त्यातला किती वाहून येतो, याच्या नोंदी केल्या. पुढे हाच माणूस लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला, थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्याच कारकिर्दीतला. पण मला त्याचं नागपूरचं कामच जास्त आवडतं.

कारण त्या आकड्यांत जमीन दिसते. जूनच्या पहिल्या सरी जमीनच पिऊन टाकते, ओढ्याला काही मिळत नाही. तिची तहान भागली की मग पाणी वाहू लागतं, आणि टक्का चढत जातो. ही तहान जमिनीवर काय आहे यावर ठरते. पालापाचोळा, मुळं, कुजलेली माती असेल तर पाणी मुरतं. सिमेंट असेल तर... असो.

कार्बन हवा तापवतो हे जॉन टिंडॉलने 1859 नंतरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, पण जंगल राखण्याशी त्याचा संबंध तेव्हा कोणी जोडत नव्हतं. पुढे 1912 साली गोरेवाड्याचा तलाव झाला, तोही पिण्याच्या पाण्यासाठीच. आज त्याच्या भोवती सुमारे 1900 हेक्टरचा टापू आहे, बिबटेही आहेत, 2021 पासून प्राणिसंग्रहालयही. माझ्या मते पाण्याच्या निमित्ताने ते जंगल टिकलं, आणि जंगलासोबत कार्बनही. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो हे सोडाच, जगभरच्या मातीत हवा आणि वनस्पती मिळून जेवढा आहे त्याहून जास्त कार्बन आहे. गंमत अशी, की मातीतला कुजका भाग कार्बन धरतो आणि पाणीही तोच धरतो. म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडच्या जंगलात पाचोळा पेटतो तेव्हा दोन्ही जातात. आणि म्हणूनच 'एक तोडलं तर पाच लावू' हा हिशेब मला पटत नाही. रोपं मोजता येतात हो, पण शंभर वर्षांची माती कुठून आणणार?

22-23 सप्टेंबर 2023 ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी ओसंडली, नाग नदी घराघरांत शिरली, मोरभवनात एसटी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसंही गेली. जंगल असतं तर काहीच झालं नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबरअखेर जमीन भरलेलीच असते, हे बिनीचेच टक्के सांगतात. पण लाव्ह्याच्या टेकड्यांपासून शहरापर्यंत नागेच्या वाटेवर मुरायला जागा असेल, तर तेच पाणी जरा उशिराने, जरा कमी येतं. अशा रात्री 'जरा' हा शब्द फार मोठा असतो.

तोच पाणलोट आज पुन्हा मोजला तर किती टक्के येतील? व्हीएनआयटी तर तलावापासून हाकेच्या अंतरावर आहे. नात्यातल्या कुणा भाच्या-पुतण्याला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हवा असेल तर कळवा, पर्जन्यमापक धरायला मी येईन.